मालक भला, तरी मन रमेना
(सिगालोवाद सुत्तातील खालच्या दिशेचा अभ्यास)



धम्मवर्गात सिगालोवाद सुत्त वाचायला घेतले की आपला बहुतेक वेळ आईवडील आणि मुले, गुरू आणि शिष्य, पती आणि पत्नी या दिशांवर जातो. खालची दिशा, म्हणजे मालक आणि नोकर यांची दिशा, शेवटी घाईने उरकली जाते. या पाठात आपण तेवढ्या एकाच दिशेकडे पाहू. नव्याने धम्मात आलेल्या कितीतरी घरांत आज एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि त्याची उकल याच दिशेत आहे.

प्रश्न असा. मुलगा शिकला, नोकरीला लागला. पगार वेळेवर होतो. मालक माणुसकीने वागतो. जात विचारीत नाही, चहाचा कप वेगळा ठेवीत नाही, घरी कोणी आजारी पडले तर रजा देतो, वर चार पैसेही देतो. आणि तरीही दोन-तीन वर्षांनी तोच मुलगा रात्री जेवताना म्हणतो, "तिथे माझे मन लागत नाही. ते काम माझे नाही." ताटावर शांतता पसरते. आईला वाटते, पोराला कोणाची नजर लागली. (नजर-बिजर काही नसते, हे तुम्ही दीक्षा घेतली त्या दिवशीच सोडून दिले आहे, पण तोंडची सवय लवकर जात नाही.) वडील म्हणतात, "सुख टोचायला लागले तुला."

वडिलांचे बोलणे उडवून लावण्यासारखे नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातील माणसांनी रस्त्याच्या कडेला उन्हात बसून खडी फोडली आहे, नाला-बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. त्या पिढीला कंटाळा आला नसेल काय? आला असेलच, पण पाटी खाली ठेवली तर संध्याकाळी चूल पेटणार नव्हती. कंटाळा बोलून दाखवण्याचीही ऐपत लागते, आणि ती ऐपत त्यांना नव्हती. म्हणून मुलाने कंटाळा बोलून दाखवला की त्यांना तो माज वाटतो. तरुणांनी हे आधी समजून घ्यावे, मग वडिलांना उत्तर द्यावे.

आता वडिलधाऱ्यांसाठी. आपल्या पूर्वजांना काम कोणी दिले? जन्माने दिले. वेस राखणे, मेलेले जनावर ओढणे, सांगावा घेऊन या गावाहून त्या गावाला पळणे, ही कामे कोणाला जमतात किंवा आवडतात हे कोणी विचारलेच नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण तयार केले, आणि जे मंडळाने होऊ दिले नाही म्हणून त्यांनी स्वतःच छापून काढले, त्यात नेमका हाच मुद्दा आहे. जात ही श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि ती माणसाची कुवत किंवा आवड पाहून केलेली नाही, असे त्यांनी तेथे मांडले. ते आणखी एक पाऊल पुढे गेले. गरिबी आणि हाल हा उद्योगातला मोठा दोष आहेच. पण त्याहूनही मोठा दोष त्यांना वेगळा दिसला. असंख्य माणसे अशा कामांना जुंपलेली असतात की ज्यांत त्यांचे मनच नसते. अशा कामाविषयी माणसाला तिटकारा येतो, तो ते टाळू पाहतो, आणि जिथे हृदय आणि बुद्धी कामात नाही तिथे कामही चांगले होत नाही.

म्हणजे तुमचा मुलगा ताटावर जे बोलला तो बाबासाहेबांच्या लेखी थिल्लर विषय नव्हता. काम निवडता येणे हा जातीच्या गुलामीतून सुटल्याचा एक पुरावा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या घरांनी गावकीची कामे सोडली, त्यांनी दुसऱ्याने लादलेले काम नाकारण्याचा हक्कच बजावला होता. नातू त्याच हक्काविषयी बोलतो आहे, फक्त त्याची भाषा वेगळी आहे.

आता सुत्ताकडे वळू. राजगृहातील गृहपतीचा मुलगा सिगाल भल्या पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. वडिलांनी मरताना सांगितले होते, म्हणून करीत होता. का, ते त्याला ठाऊक नव्हते. वेळुवनातून भिक्षेसाठी निघालेल्या भगवंतांनी त्याला पाहिले आणि दिशांचा अर्थच बदलून टाकला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण, आणि खालची म्हणजे दास आणि कामकरी. पायाखालच्या माणसालाही नमस्काराची दिशा देणे ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती.

या खालच्या दिशेविषयी सांगताना भगवंतांनी आधी मालकाची कर्तव्ये सांगितली, नोकराची नंतर. मालकाने पाच प्रकारे सेवकाची काळजी घ्यावी : त्याच्या बळाप्रमाणे काम नेमून द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात काही विशेष गोडधोड झाले तर त्याचा वाटा द्यावा, आणि वेळोवेळी विश्रांती द्यावी. मग नोकराची पाच : मालकाच्या आधी उठावे, त्याच्यानंतर निजावे, दिले असेल तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, मालकाचे नाव चांगले राखावे.

वाचकहो, मालकाच्या पाच कर्तव्यांचा क्रम पुन्हा एकदा पाहा. पगार दुसरा आहे. औषधपाणी तिसरे आहे. पहिले आहे ते बळाप्रमाणे काम. पालीत त्याला 'यथाबल' असा शब्द आहे. अट्ठकथेत याचा अर्थ वयाशी जोडला आहे, की तरुणाचे काम म्हाताऱ्याला सांगू नये, म्हाताऱ्याचे तरुणाला सांगू नये. शेतीच्या काळी बळ म्हणजे अंगातले बळ. आज आपली मुले वही, यंत्र आणि संगणक यांच्यावर काम करतात. म्हणून बळ या शब्दात बुद्धीचा कल आणि शिकलेली विद्याही धरली पाहिजे, असे मला वाटते.

हे धरले की ताटावरचा प्रश्न उलगडतो. समजा, लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर आपला एक पदवीधर तरुण आहे. सकाळी सौदे सुटतात, तुरीची आणि सोयाबीनची पोती काट्यावर चढतात, आणि दिवसभर तो पट्ट्या लिहितो, रोजमेळ घालतो, खतावणी करतो. शेठ चांगला आहे. पाचपैकी चार कर्तव्ये तो मनापासून पाळतो. राहिले पहिले. मुलाचे डोके यंत्रात चालते. काटा बिघडला की दुरुस्तीवाल्याच्या आधी तोच त्याच्याशी खटपट करतो, आणि तेवढा एक तास त्याला घड्याळ आठवत नाही. किंवा समजा, नांदेडच्या एखाद्या कचेरीत एक मुलगी बारनिशीवर बसते. आलेला कागद नोंदवायचा, शिक्का मारायचा, गेलेला कागद नोंदवायचा. तिने पदवीला इतिहास घेतला होता, आणि वस्तीतली पोरे संध्याकाळी तिच्याकडे शिकायला आली की तिचा आवाज बदलतो. या दोघांच्या मालकांना वाईट म्हणता येणार नाही, आणि या दोघांना कृतघ्नही म्हणता येणार नाही. एकमेकांविषयी तक्रार नसतानाही जोडी चुकू शकते.

ती कशी चुकते, हे समजण्यासाठी धम्मपदाच्या अट्ठकथेतली एक कथा फार उपयोगी आहे. ती आपल्या वर्गांत फारशी सांगितली जात नाही. एका सोनाराचा मुलगा सारिपुत्तांजवळ भिक्खू झाला. सारिपुत्त म्हणजे प्रज्ञेत सर्वांत श्रेष्ठ शिष्य. तरुण माणसाला वासना अधिक असणार असा विचार करून त्यांनी त्याला अशुभ भावना, म्हणजे देहाच्या घाणीचे चिंतन, करायला दिले. मुलगा अरण्यात गेला, वर्षावासभर प्रयत्न केला. चित्त काही स्थिर होईना. परत आला. सारिपुत्तांनी तीच साधना पुन्हा समजावून दिली. पुन्हा तेच. शेवटी सारिपुत्त त्याला घेऊन स्वतः भगवंतांकडे गेले. भगवंतांनी ते किळसवाणे चिंतन बाजूला ठेवले आणि त्याच्या हाती एक सुंदर सोनेरी कमळ दिले. हे वाळूच्या ढिगावर उभे कर आणि याच्याकडे पाहत राहा, म्हणाले. जे महिनोन्‌महिने साधले नाही ते थोड्याच वेळात साधले. मग ते कमळ त्याच्या डोळ्यांदेखत कोमेजू लागले, आणि अनित्यता त्याला कोणी वेगळी शिकवावी लागली नाही.

सारिपुत्त वाईट गुरू होते काय? मुलगा आळशी होता काय? दोन्ही नाही. तरुणांना सर्वसाधारणपणे जे लागू पडते ते त्यांनी दिले; हा एक तरुण कसा आहे हे पाहायचे राहून गेले. आणि लक्षात आल्यावर त्यांनी शिष्याला दोष दिला नाही, जिथे त्याचे काम होईल तिथे हात धरून नेले. भल्या मालकाची कसोटी हीच समजावी. नोकर योग्य जागी जातो म्हणाला तर तो रागावतो, की दोन शब्द शिफारशीचे लिहून देतो?

इथे एक खड्डा आहे, तो ओलांडून जाऊ. कोणी म्हणेल, सोनाराच्या मुलाला सोन्याचे कमळ मानवले, म्हणजे बापाचा धंदा मुलाच्या रक्तात असतो, हेच सिद्ध झाले ना? अट्ठकथाकाराने तर पूर्वजन्मांची गोष्टही जोडली आहे. ती आपण बाजूला ठेवू. लहानपणापासून चकाकत्या, रेखीव वस्तू पाहिलेल्या मुलाची नजर तशी घडली होती, एवढाच अर्थ पुरेसा आहे. आणि संघातील बाकीची माणसे पाहा. उपाली शाक्यांचा न्हावी होता. भगवंतांनी त्याला वस्तराच चालव म्हटले नाही. तो विनयात श्रेष्ठ ठरला, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्यालाच विचारले गेले. सुनीत रस्ते झाडणारा होता. तो स्थविर झाला. चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा सख्ख्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. भगवंतांनी त्याच्या हातात स्वच्छ फडके दिले आणि ते चोळीत बसायला सांगितले. मळत जाणाऱ्या फडक्यावरून त्याला जे कळले ते गाथेवरून कळले नव्हते. माणसाचे बळ त्याच्या कुळात शोधायचे नाही, त्या माणसात शोधायचे.

आता दुसरी बाजू. मन न लागण्याचे प्रत्येक कारण बेजोड काम हेच असते, असे नाही. पालीत 'अरति' असा शब्द आहे. कशातच गोडी न वाटणे, हा त्याचा अर्थ. माराच्या तीन मुली सांगितल्या आहेत, तण्हा, अरति आणि रगा. त्यांतली ही मधली. ती माणसाच्या पाठोपाठ चालते. नांदेडची नोकरी सोडून लातूरला गेलात तर ती त्याच बसने येते. म्हणून राजीनाम्याचा कागद हाती घेण्यापूर्वी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा : सुटीच्या दिवशीही मन असेच उदास असते काय? पुस्तक, विहार, मित्र, मुलांचा खेळ, कशातच जीव रमत नाही काय? तसे असेल तर कामाला दोष देऊ नका. झोप, प्रकृती, घरातले ताण आधी पाहा, आणि ती उदासी महिनोन्‌महिने हटत नसेल तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवा. पण कचेरी सुटल्यावर मन पुन्हा ताजे होत असेल, एखाद्या विशिष्ट कामात तास कसा गेला कळत नसेल, तर दुखणे कामाच्या जोडणीत आहे.

अरतीवर भगवंतांनी राहुलाला उपाय सांगितला तो मुदितेचा. दुसऱ्याच्या भल्यात आनंद मानणे, ती मुदिता. महाराहुलोवाद सुत्तात तो आला आहे. रोजच्या कामात याचा उपयोग कसा करावा? पट्टी लिहिणाऱ्याने पट्टी घेणाऱ्याकडे पाहावे. अहमदपूर किंवा औशाकडून वर्षाचा माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला वजन आणि भाव बरोबर लिहिलेला कागद मिळाला, कोणी त्याला फसवले नाही, ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नाही. बारनिशीवरच्या मुलीने अर्ज त्याच दिवशी नोंदवला तर एखाद्या विधवेचा एक हेलपाटा वाचतो. यामुळे काम बदलत नाही, कंटाळाही पूर्ण जात नाही. पण जोवर त्या खुर्चीवर आहात तोवर ती रिकामी वाटत नाही. नोकराच्या पाच कर्तव्यांतले चौथे, काम नीट करणे, हे मन रमल्यावरच लागू होते असे सुत्तात कुठेही म्हटलेले नाही.

आणखी एक भेद करायला हवा, आणि तो आपल्याच लोकांनी अधिक काळजीने करायला हवा. अपमानाला कंटाळा म्हणू नका. सयाजीराव गायकवाड महाराजांसारखा मालक विरळा. त्यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. सप्टेंबर १९१७ मध्ये ते करार पाळण्यासाठी बडोद्यात हजर झाले. महाराजांचा हेतू त्यांना मोठ्या पदावर नेण्याचा होता. पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले, आणि ते मुंबईला परतले. मालक भला असून भागले नाही, कारण मालक आणि नोकर यांच्या मध्ये सगळे गाव उभे होते. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी "मन लागत नाही" एवढेच म्हणत असेल, तर शेजारच्या टेबलावरचे कोणी काही बोलते काय, पाण्याच्या माठापाशी काही होते काय, हे हळुवारपणे विचारा. शरमेने माणूस खरे कारण लपवतो. ते कारण असेल तर औषध मुदिता नव्हे. लेखी तक्रार, आणि गरज पडल्यास कायदा.

बेजोड कामाचा खरा धडा बाबासाहेबांच्या पुढच्या नोकरीत सापडतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. महिना ४५० रुपये पगार. त्या काळी परळच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला ही मोठी रक्कम होती. विषय आवडीचा, विद्यार्थी ऐकणारे. तरी त्यांनी मार्च १९२० मध्ये ती जागा सोडली, कारण लंडनचे शिक्षण अर्धे राहिले होते आणि पुढच्या कामासाठी ते त्यांना हवे होते. पण सोडली कशी, ते पाहा. पहिल्या महिन्यात नाही, रागाने नाही. सुमारे दीड वर्ष काटकसर करून पगारातून शिल्लक टाकली. मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, आणि मगच जुलै १९२० मध्ये ते बोटीत चढले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., आणि त्याच काळात बॅरिस्टरीही. आणि हे लिहिताना रमाईंना विसरून चालणार नाही. नोकरी सोडणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. त्या तीन वर्षांत चूल कोणी पेटती ठेवली हे आपण क्वचित विचारतो. म्हणून विवाहित तरुणाने असा निर्णय पत्नीला सांगू नये, तिच्यासह घ्यावा.

आपल्या घरांत काय करता येईल? पहिली गोष्ट, मालकाला सांगा. बळाप्रमाणे काम देणे हे जर त्याचे पहिले कर्तव्य आहे, तर आपले बळ कशात आहे हे त्याला कळवणे आपल्याकडे येते. आपली मुले इथे फार लाजतात. उपकाराचे ओझे वाटते. इतके चांगले वागतात, आणखी काय मागायचे? पण यंत्रात डोके चालणाऱ्या मुलाने शेठला म्हणावे, की तुमच्या डाळमिलवर मला सहा महिने घालून पाहा. पुष्कळदा शेठला हे सुचलेलेच नसते. कचेरीत असाल तर टेबल बदलून मागता येते, विभाग बदलून मागता येतो. सोण नावाच्या भिक्खूला साधना जमेना आणि तो घरी परतायचा विचार करू लागला, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी वाजत नाही, फार ढिली केली तरी वाजत नाही. वीणा फेकण्याआधी खुंटी पिळून पाहावी.

तेवढ्याने भागले नाही तर शिक्षण. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले, ते अशाच नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. संध्याकाळचे दोन तास आणि रविवार दिला तर दोन-तीन वर्षांत दुसरे दार उघडण्याइतकी विद्या हाती येते. आणि या काळात दुसरे काम करून पाहता येते. शिकवण्याची ओढ वाटते? विहारात रोज संध्याकाळी दहा मुले घेऊन बसा. सहा महिन्यांनी मुलेही टिकली आणि तुम्हीही टिकलात, तर ओढ खरी. पहिल्या पावसातच वर्ग बंद पडला, तर तेही कळले, आणि नोकरी न गमावता कळले.

राजीनाम्याविषयी दोन गोष्टी नीट माहीत असू द्या, कारण इथे अज्ञानामुळे घरे बुडतात. शासकीय नोकरीत नुसता राजीनामा दिला की निवृत्तिवेतनासाठीची मागची सेवा जप्त होते. मात्र रीतसर परवानगी घेऊन, दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा असेल तर तसे होत नाही. म्हणून नवा अर्ज खात्यामार्फत, योग्य मार्गानेच करावा आणि परवानगीचा कागद जपून ठेवावा. खासगी नोकरीत, दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, कायम नोकराला साधारणपणे सलग पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. साडेचार वर्षे काढलेली असतील तर चार-सहा महिन्यांनी काही बिघडत नाही. भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढून लग्नात घालण्यापेक्षा नव्या खात्यात वळते करावेत. आणि नवे नेमणुकीचे पत्र हाती पडल्याशिवाय, किंवा घरखर्चाची निदान सहा महिन्यांची शिल्लक असल्याशिवाय, जुना कागद फाडू नये. कर्जाचे हप्ते चालू असतील तर आणखी थांबावे.

निघताना मालकाचे नाव राखावे, हे नोकराचे पाचवे कर्तव्य. मोंढा असो की कचेरी, तुमच्या मागून त्याच खुर्चीसाठी आपल्याच वस्तीतला दुसरा मुलगा अर्ज घेऊन जाणार आहे. हिशेब पुरा करून, वह्या नव्या माणसाला समजावून मग बाहेर पडा.

येत्या पौर्णिमेच्या वर्गात हा पाठ घेणाऱ्यांनी सुत्तातील दोन्ही पंचके फळ्यावर लिहावीत. मग घरटी एकाने उठून सांगावे, की माझ्या घरातल्या कमावत्या माणसाचे बळ कशात आहे. पगार किती, हे सर्वांना सांगता येईल. हे सांगता येते का, ते पाहू. ज्यांना उत्तर सुचणार नाही त्यांनी घरी जाऊन त्या माणसालाच विचारावे. बायांनी पुरुषांना, आणि पुरुषांनी बायांनाही, कारण अंगणवाडीत, दवाखान्यात आणि बँकेच्या खिडकीमागे आता आपल्या लेकी-सुनाही बसल्या आहेत, आणि त्यांना हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.